लाजरी सून

मैनाबाईंना दुसऱ्यांची उत्तरं देण्याची भारी हौस. अकोटच्या बाजारात भाजीचं दुकान लावलं, की गिऱ्हाइकाने भाव सुनेला विचारावा आणि सांगावा सासूने. वर कौतुक, "लय लाजरी हाय बाप्पा आमची पौर्णिमा!" सात वर्षांत हा शब्द भावकीत इतका फिरला, की लोक आपल्या पोरींना पौर्णिमेचे दाखले देऊ लागले. लाजरी म्हणजे गुणाची, उलटून न बोलणारी. म्हणजेच घरात सगळ्यांच्या सोयीची, पण हे कोणी बोलून दाखवत नसे.

दसऱ्यानंतर पौर्णिमा वाळत चालली. गावातल्या डॉक्टरने विचारलं, काय होतं? तिने तोंड उघडायच्या आत मैनाबाई म्हणाल्या, "अशक्तपणा हाय जी. लाजते ते, मी सांगते." टॉनिक मिळालं. दुसऱ्या खेपेला जास्त महागाचं मिळालं.

शेवटी अकोल्याला आणलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पौर्णिमेच्या नवऱ्याला, नितेशला, बाहेर बसवलं. सासू आत राहिली. बाईंनी पडदा ओढून नीट तपासलं. छातीतली गाठ लिंबाएवढी झाली होती, काखेतही गाठी होत्या.

"इतके महिने अंगावर काढलं? आता मी कसलीच खात्री देत नाही," त्या चिडून म्हणाल्या. "कुणाला सांगितलं का नाही?"

"लाजरी हाय जी ते," मैनाबाईंच्या तोंडून सवयीने निघालं.

पौर्णिमा ब्लाउजचे हुक लावत होती. वर न बघता ती सासूला म्हणाली, "सांगतलं होतं. संक्रांतीले, तुमालेच. वाटाण्याएवढी होती तवा. तुमी म्हटलं, अशी गोष्ट गडीमानसायले सांगतेत काय? लाज नाही वाटत? गुमान राय."

मैनाबाईंना लख्ख आठवलं. हळदीकुंकवाला बाया यायच्या होत्या, तिळगुळाचं ताट हातात होतं आणि घाई होती.

बाहेर येताच नितेश समोर आला. मैनाबाईंनी गाठीचं सांगितलं, लय उशीर झाला म्हणून सांगितलं.

"पण इतका उशीर झालाच कावून?"

मैनाबाईंनी सुनेकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती, दमलेली. खरं सांगायचं तर आताच सांगायला हवं होतं, आणि हे त्यांना चांगलं कळत होतं.

"काय सांगू बाप्पा," डोळ्यांना पदर लावत त्या म्हणाल्या, "आपली पौर्णिमा लाजरी. बोललीच नाही ते."

नितेश बायकोवर खेकसला, "इतकी कायची लाज वं तुले!"