डेलियाचा कोट

मोलीची लाथ बसली आणि बादली गडगडत दारापर्यंत गेली. रिकामीच होती म्हणा.

"देव भलं करो तिचं," दारात आलेला शेजारी बार्टली आधी गायीकडे बघून म्हणाला, दृष्ट लागू नये म्हणून. मग मला म्हणाला, "तुला ओळखत नाही ती."

"रोज चारा मीच घालतो रे!"

"चारा घालणाऱ्याला कोण विचारतं? दूध डेलिया काढायची."

डेलिया माझी बायको. नोव्हेंबरात गेली, तेव्हा मोली आटली होती. मोली आज पहाटे व्यायली, पण वासरू फार अशक्त. उभं राहीना, आचळ धरीना. पोटात चीक गेला नाही तर ते वाचणार नव्हतं, आणि मोली पान्हा चोरत होती.

"डेलियाचा कोट घालून बस," बार्टली म्हणाला. "आमची आई आजारी होती तेव्हा बापानं तिचा स्कर्ट घालून दूध काढलं. मिशांसकट."

"तू गावभर सांगशील."

"सांगणारच. आण लवकर."

कोट खोलीच्या दारामागे होता, तिने अडकवला होता तसाच. तिचा वास जाईल म्हणून मी तो झटकलाही नव्हता. वासराकडे पाहिलं आणि काढला. बाह्या जेमतेम कोपराखाली आल्या, खांद्याची शिवण उसवली.

मोलीने बाही हुंगली. बराच वेळ हुंगली. मी डेलियासारखं तिच्या कुशीला कपाळ टेकवलं आणि म्हणालो, "सोड गं बाई."

पहिली धार मी जमिनीवर सोडली, मातीखालच्या लोकांच्या, म्हणजे पऱ्यांच्या वाट्याची. डेलियाने ती कधी चुकवली नाही. मग बादली वाजू लागली. पिवळा, दाट चीक.

बार्टलीने वासराचं डोकं मांडीवर घेतलं, मी बाटली धरली. आधी ओघळ गळ्यावरून गेले. मग त्याने चोखलं. दुपारी ते लटपटत उभं राहिलं.

कोटाच्या खिशात लाल दोरा सापडला. डेलिया नव्या वासराच्या शेपटीला बांधायची, तसा मीही बांधला.

"गाठ बरी मारलीस की," बार्टली म्हणाला.

"कोटाचा गुण."

कोट उतरवला. त्याला आता गोठ्याचा, चिकाचा वास येत होता. डेलियाला रोज यायचा तसाच.

"घरात नेऊन ठेवू का?" बार्टलीने हात पुढे केला.

"नको. संध्याकाळी लागेल," मी म्हणालो आणि गोठ्याच्या दाराजवळच्या खिळ्याला तो अडकवला.