नावं ठेवायचं बटण

लखनऊत राहून माणूस बिघडतो तो असा, की त्याला तोंडावर वाईट बोलताच येत नाही. पाठीमागे येतं हं! तिथे आपली मंडळी अजून अस्सल आहेत. पण तोंडावर? ‘अरे वा, क्या बात है, बहुत खूब!’ आणि इथेच तर रुचाचं घोडं पेंड खात होतं.

रुचाने गोमती नगरातल्या ऑफिसातली चांगली चाललेली नोकरी सोडून एक वेबसाइट काढली होती. नाव ‘महाखोज’. लखनऊत मराठी माणसाला लागणाऱ्या अडनिड्या वस्तू कुठे मिळतात, ते सांगणारी. ज्वारीचं पीठ कुणाकडे ताजं असतं, पुरणयंत्र कुठल्या भांडेवाल्याकडे पडून आहे, घरगुती सांडगे कोण करून विकतं, असलं सगळं. मराठी मंडळाच्या चैत्रातल्या कार्यक्रमात तिने ती मोठ्या पडद्यावर दाखवली, टाळ्या घेतल्या आणि सगळ्यांना हात जोडून सांगितलं, “काका, काकू, साइटवर खाली ‘अभिप्राय द्या’ असं बटण आहे. प्लीज, मनापासून लिहा.”

लोकांनी लिहिलं की. पाचच्या पाच तारे. ‘छान उपक्रम.’ ‘खूब तरक्की करो बेटा.’ एका काकांनी नुसते फुलांचे गुच्छ पाठवले. पण साइट वापरली कुणी? नाव नको. अभिप्राय देऊन मंडळी जी गेली, ती परत फिरकलीच नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, इतकं काय त्यात, हळूहळू वापरतील. पण हळूहळू करायला रुचाकडे वेळ कुठे होता? तिचे जुने साहेब, सुधीर सर, निरोपाच्या समोशाचा घास गिळता गिळता म्हणाले होते, “मई की पहली तक तुम्हारी कुर्सी खाली रखूँगा. आओगी तो तुम वापस ही.” तेव्हापासून त्या कुर्सीचं नाव काढलं की रुचाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आणि घरी बाबांनी नेमकी तीच तारीख धरून ठेवली होती.

बाबा म्हणजे श्रीपतराव. यवतमाळहून ऑडिट खात्यात लागले, बदलीवर लखनऊला आले आणि तिथल्याच महानगर नावाच्या वस्तीत घर करून निवृत्त झाले. जन्मभर दुसऱ्यांच्या कारभारात खोट काढायचा पगार घेतला, पण घराचा उंबरठा ओलांडला की त्यांच्या तोंडात एकच शब्द. छान. भाजी छान, पडदे छान, पाहुणे आले छान, गेले तेही छान. साइट दाखवली तेव्हाही चष्मा पुसत म्हणाले, “छान आहे.” रुचा खूश होणार, तोच पुढे म्हणाले, “पण छान म्हणणारे पुरावा नसतात, बेटा. वापरणारे दाखव. एक तारखेपर्यंत दाखवलेस तर ठीक, नाहीतर आपण सुधीर सरांकडे जायचं.” आणि रुचाही जोशात मान डोलावून बसली होती. स्वतःच्या पायावर धोंडा, दुसरं काय!

मग एका रविवारी मंडळाच्या स्वयंपाकघरात ती पाण्याची बाटली भरायला गेली आणि दाराआडच थबकली. आत सुहासिनीकाकू बोलत होत्या. काका हवाई दलातून निवृत्त झालेले, त्यामुळे काकूंचा आवाजही धावपट्टीपलीकडे जाईल असा.

“अगं कसली वेबसाइट! पुरणयंत्र शोधलं, तर पूजेचं यंत्र दाखवलं मला. तांब्याचं! त्यात पुरण वाटू का मी? आणि कोकम म्हणून फोटो लावलाय तो चक्क आलूबुखारा आहे!”

याच काकूंनी पाच तारे दिले होते. वर ‘जीती रहो’ असं लिहिलं होतं.

रुचा तणतणत घरी आली. “आई, सगळे खोटारडे आहेत! माझ्या तोंडावर एक आणि पाठीमागे एक!”

कमलाबाई जवस भाजत होत्या. घरभर धूर झाला होता, पण त्यात नवीन काही नव्हतं. कमलाबाई जवस भाजतात तेव्हा धूर होतोच.

“मग तू काहून अभिप्राय मागून राहिली?” त्या म्हणाल्या. “अभिप्राय म्हटलं की माणूस इस्त्रीचे कपडे घालून बसते. लोकायले नावं ठेवाले सांग. पाह्य कशी झुंबड उडते.”

रुचा आईकडे बघतच राहिली. मग तडक आत गेली आणि ‘अभिप्राय द्या’ हे बटण काढून तिथे ठसठशीत अक्षरांत लिहिलं, ‘नावं ठेवा’. खाली बारीक अक्षरांत, ‘स्वतःचं नाव सांगायची गरज नाही. तुम्ही ठेवलेली नावं सगळ्यांना वाचता येतील.’

आणि काय सांगावं महाराजा! धरणाचं दार उघडावं तसं झालं. अक्षर मुंगीएवढं आहे. भाकरीची परात ‘घर की सजावट’ या सदरात का? आलमबागेतलं जे पिठाचं दुकान तुम्ही सांगता, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात, आम्ही ई-रिक्शाने जाऊन मुकाट्याने एक कव्हर घेऊन आलो. कुणी लिहिलं, कुणी त्यावर ‘अगदी बरोबर’ म्हणून फोडणी दिली. नावं ठेवायला मंडळी येत, दुसऱ्यांनी ठेवलेली वाचत बसत, आणि वाचता वाचता कुणाला कळे, अरे, निशातगंजला ताजं मेतकूट मिळतं की! रुचा एकेक चूक दुरुस्त करत सुटली.

गंमत केली ती तरुण पोरांनी. इथे वाढलेली ही मुलं, मराठी कळतं, पण बोलतात हिंदीत. त्यांनी ‘नावं ठेवा’ वाचलं आणि त्यांना वाटलं, साइटसाठी नाव सुचवायची स्पर्धा आहे! ‘झोलाछाप’, ‘ठेचा डॉट कॉम’, ‘मौसी की पोटली’, अशी धडाधड नावं यायला लागली. सुहासिनीकाकूंच्या आशुतोषने तर फोनच केला.

“दीदी, प्राइज़ क्या है?”

“अरे, नावं ठेवणं म्हणजे नाम रखना नाही रे! बुराई करना!”

“अच्छा... तो मम्मी दिन भर वही करती हैं? फिर तो ‘नावं ठेवा’ ही नाम रख दो, दीदी. घर में सब यही बोलते हैं. महाखोज किसी को याद नहीं.”

पोरगा बोलला ते खरंच होतं. रुचाने त्याच दुपारी ‘महाखोज’ला निरोप दिला.

पण या सगळ्या गर्दीत एक जण वेगळाच होता. रोज दुपारी चहाच्या सुमारास त्याचं एक टिपण यायचं, आणि ते वाचून रुचाला घाम फुटायचा. ‘सदर पानावर दुकानाची वेळ दिली आहे, साप्ताहिक सुट्टी दिलेली नाही. खुलासा व्हावा.’ ‘उपरोक्त सांडग्यांची किंमत दोन ठिकाणी दोन प्रकारे दर्शवली आहे. यापैकी खरी कोणती?’ चिकट म्हणजे किती चिकट! पण एकही मुद्दा खोटा नव्हता. रुचा दात-ओठ खात दुरुस्ती करायची. सदर आणि उपरोक्त लिहिणारा हा कोण खडूस, असं तिच्या डोक्यात रोज यायचं, पण कामाच्या रगाड्यात विचार पुढे सरकत नव्हता.

मग एप्रिल संपत आला आणि हे आलं:

‘जवसाची चटणी तयार मिळण्याचे ठिकाण सदर साइटवर नाही. घरी होते ती जळकी असते. प्रकरण बरीच वर्षे प्रलंबित आहे. कृपया तातडीने मार्ग सुचवावा.’

रुचाने ते एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. मग उशीत तोंड खुपसून इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. बाबा! खरं बोलायला लागू नये म्हणून जन्मभर ‘छान’च्या आड लपलेले तिचे बाबा!

आता शहाण्या मुलीने काय केलं असतं? गुपचूप पुसून टाकलं असतं. पण शहाणपण या घरात फार कुणाला परवडलेलं नाही. रुचाने ते तसंच राहू दिलं, आणि खाली उत्तर दिलं, ‘आलमबागेत मेट्रोजवळ कांचनताई घरगुती चटणी करतात. मूळच्या वर्ध्याच्या. फोन खाली दिला आहे. जवस जळत नाही.’

दुसऱ्या दिवशी श्रीपतराव पायात बूट घालताना म्हणाले, “जरा आलमबागला जाऊन येतो. एक जुने सहकारी आजारी आहेत.” आले ते कापडी पिशवी पोटाशी धरून, आणि बायकोकडे न बघता थेट आपल्या जुन्या फायलींच्या कपाटाकडे गेले.

रात्रीच्या जेवणाला कमलाबाईंचा रोजचा कार्यक्रम सुरू झाला. ताट बाजूला, मोबाइल हातात, आणि लोकांनी ठेवलेली नावं मोठ्याने वाचायची. वाचता वाचता त्या चटणीपाशी आल्या.

“माय माय! पाह्य तर हा कोण मेला! बायकोची चटणी जळकी म्हणून गावभर सांगून राहिला! जिभेले काही हाड? कशी राहत असन ती बिचारी याच्यासंगं!”

श्रीपतरावांना ठसका लागला. रुचाने पाणी पुढे केलं, आणि स्वतःही मान खाली घातली, कारण हसू आवरत नव्हतं.

“सदर साइटवर,” कमलाबाई पुन्हा वाचू लागल्या आणि मधेच थांबल्या. “सदर...” त्यांनी मोबाइल खाली ठेवला, सावकाश उठल्या आणि आत गेल्या. कपाटाचं दार करकरलं. फायली सरकल्या.

परत आल्या तेव्हा हातात बरणी होती. त्यांनी नवऱ्याच्या ताटात उजवीकडे कांचनताईंची चटणी वाढली, डावीकडे स्वतःची, आणि समोर बसल्या.

“खा. आणि सांगा. सदर चटणी कशी आहे?”

रुचाला वाटलं, आता ‘छान’ येणार. दोन्हींना छान. पण श्रीपतरावांनी उजवीकडची चाखली, डावीकडची चाखली, आणि घाबरलेल्या आवाजात का होईना, म्हणाले, “ही चांगली आहे, कमल. तुझी जळते. गॅस बारीक कर.”

“अस्सं!” कमलाबाईंचे डोळे भरून आले होते. रागाने की कशाने, कोण जाणे. “अन् इतकी वर्षं मूग गिळून बसले होते? मी रोज इचारत होते ना तुमाले, कशी झाली म्हणून? बायकोले नावं ठेवाले तुमाले बटण लागते का हो?”

“तुला वाईट वाटलं असतं.”

“वाटलं असतं. अन् मग गॅस बारीक केला असता!” त्यांनी पदराने नाक पुसलं, कांचनताईंची चटणी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि नाइलाजाने मान हलवली. मग एकदम रुचाकडे हात करून म्हणाल्या, “आता तोंड उघडलंच आहे, तर पोरीचंही सांगून टाका. परवा एक तारीख. जाऊ द्यायची का तिले त्या सुधीरकडे?”

रुचाचं हसू पार विरलं. तिने बाबांकडे पाहिलं. सगळा पुरावा त्यांनी रोज दुपारी स्वतः तपासलेला होता, आणि आलमबागला जाऊन चाखलेलाही होता.

श्रीपतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“नाही,” ते म्हणाले. “नाही जायचं. काम चोख केलंय पोरीने. कुठे पाठवायचं नाही तिला.” रुचा उठून त्यांच्या गळ्यात पडणार, तोच त्यांनी बोट वर केलं. “पण कोकमाच्या फोटोत अजून आलूबुखाराच आहे.”