खाली वाला

एकाच कॉम्प्युटरमध्ये तीन सिस्टिम नांदू शकतात, असं माझ्या मुलाने मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, या घरात आपण तिघं धड नांदलो नाही, तू डब्याचं काय सांगतोस? वेदांत हसला. तो आधी हसतो आणि मग हिंदीत उत्तर देतो.

आम्ही रायपुरात, गुढियारीत राहतो. माझे मिस्टर शेखर रेल्वेच्या मालधक्क्यावर आहेत, आणि पुढच्या खोलीत माझं एम्ब्रॉयडरीचं मशीन आहे. ब्लाउजच्या पाठी, बाह्या, साड्यांचे काठ. टाके मशीन घालतं, पण कुठे आणि किती हे त्याला कॉम्प्युटर सांगतो, आणि कॉम्प्युटरला मी सांगते. सोळा वर्षांत माझी स्वतःची सहाशे चाळीस डिझाइनं त्यात साठली होती. गोल बाजारात तयार डिझाइनं मिळतात. ती मी एकदाही आणली नाहीत. गर्व म्हणा हवं तर.

अडचण अशी होती की मशीनचा प्रोग्राम फक्त जुन्या विंडोजवर चालायचा, आणि जुन्या विंडोजवर आता दुसरं काहीच चालत नव्हतं. गिऱ्हाइकांनी पाठवलेले फोटो उघडायचे नाहीत. बँकेची साइट तर दारातूनच परत पाठवायची. यावर वेदांतने तोड काढली. जुनी विंडोज मशीनपुरती, नवी विंडोज जगासाठी, आणि त्या दोघी आजारी पडल्या तर औषधपाण्याला लिनक्स. बटण दाबलं की कॉम्प्युटर विचारेल, आज कोण? आपण सांगायचं. मात्र बसवताना क्रम पाळायचा. जुनी आधी, नवी मागून, लिनक्स शेवटी, कारण मागून येणारी विंडोज आधीच्या लिनक्सचं दार बंद करून टाकते. मला धाकटी जाऊ आहे, मागून येणारीचे गुण मला कोणी समजावायला नको होते.

वेदांत नवा रायपुरात नोकरी करतो आणि तिथेच खोली घेऊन राहतो. इथून पंचवीस किलोमीटर. दसऱ्याला आला तेव्हा त्याने डिस्कचे तीन हिस्से केले. पहिल्यात जुनी विंडोज. मधला नवीसाठी मोकळा ठेवलेला, त्यातूनच पुढे लिनक्सला तुकडा काढायचा होता. तिसऱ्यात माझी डिझाइनं. उरलेलं पुढच्या रविवारी करतो म्हणाला. चार रविवार गेले. एकदा मित्राचं लग्न, एकदा ऑफिस, दोनदा नुसतंच ‘मम्मी, अगले हफ्ते’. पाचव्या रविवारी सकाळी मीच फोन लावला. नव्या विंडोजचा पेनड्राइव्ह इथेच आहे, तू सांगत जा, मी करते.

“वीडियो कॉल करो ना मम्मी, स्क्रीन दिखेगी।”

“काही गरज नाही. एका हातानं फोन धरून मी काय काय करू? तुहं बोलणं मले समजत नाही का?”

हे मी नेहमीच मिरवत आले. माझं माहेर अचलपूरचं. तिकडून कोणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला, पोट्टा मराठी काहून बोलत नाही? माझं उत्तरही ठरलेलं. त्याला माझी मराठी समजते, मला त्याची हिंदी समजते, अडलंय कुठे?

तर मी फोन स्पीकरवर ठेवला आणि तो सांगेल तसं दाबत गेले. बरीच पानं पुढे सरकली. मग पडद्यावर तीन ओळी आल्या, सगळं इंग्रजी आणि आकडे.

“कितने दिख रहे हैं?”

“तीन.”

“खाली वाला चुनो।”

“खालचा?”

“हव, खाली वाला।”

“खालचाच ना रे? नक्की?”

“हव मम्मी, वही। अब फॉर्मेट दबाओ। वॉर्निंग आएगी, ओके कर देना। उसमें कुछ है ही नहीं।”

मला वाटलं, त्याने माझी डिझाइनं दुसरीकडे हलवली असतील. सर्वांत खालची ओळ निवडली आणि ओके केलं. दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत.

मराठीत खाली म्हणजे तळाशी. हिंदीत खाली म्हणजे रिकामा. सत्तावीस वर्षं मी रायपुरात आहे, ‘ऑटो खाली है क्या’ हे दिवसातून दहादा ऐकते, आणि ऑटोच्या बाबतीत एकदाही चुकले नाही. पण हातात माऊस आणि कानात आपला पोरगा असला की डोकं माहेरच्या भाषेत चालतं.

नवी विंडोज बसली. निळी, देखणी होती. मग मी जुनी उघडली, मशीनचा प्रोग्राम लावला, आणि डिझाइनांच्या जागी काहीच नव्हतं. पुन्हा फोन केला.

“आपने कौन सा चुना?”

“खालचा. तूच तं म्हटलं.”

“मम्मी, मैंने खाली बोला था। खाली। मतलब जिसमें कुछ नहीं है।”

आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कोणाला? मी मशीनवर कापड घातलं. शेखर म्हणाले, “जाऊ दे, नवीन काढशील.” त्यांना मी जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण खरा राग मला त्या चुकीचा आला नव्हता. ‘उसमें कुछ है ही नहीं’ हे त्याने मधल्या हिश्शाबद्दल म्हटलं होतं, हे मला कळत होतं. तरी ते वाक्य माझ्या सोळा वर्षांवर जाऊन बसलं होतं, आणि तिथून उठेना.

कॉम्प्युटरला हात लावू नका, एवढं सांगून वेदांत निघाला. चार रविवार ज्याला जमलं नव्हतं, तो चाळीस मिनिटांत दारात उभा होता. त्याने लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालू केली. घरात यायच्या आधीच तिला औषधपाण्याला लागावं लागलं. सोमवारी दुपारपर्यंत पाचशे अकरा डिझाइनं परत आली. बाकीच्यांवर नवी विंडोज पसरून बसली होती, ती गेली. जी आली तीही नावं विसरून. नुसते नंबर.

त्याने दोन दिवस सुट्टी घेतली. तो एकेक उघडायचा, मी ओळखायची, तो नाव टाइप करायचा.

“सरिताच्या डोहाळजेवणाचं. तिले हिरव्यावर हिरवं पाहिजे होतं, मी मधी पिवळा टाका लपवला.”

“इसमें?”

“मोठं करून पाय. देठाजवळ.”

त्याने मोठं करून पाहिलं. पिवळा टाका होता.

“हे राधिकाच्या सासूचं. बाही तीनदा उसवली, तरी तोंड वाकडंच.”

शंभरेक झाल्यावर तो थांबला. “मम्मी, ये सब आपने बनाया है?”

“नाही, गोल बाजारातून आणलं.”

या वेळी तो हसला नाही. मलाही बोलून बरं वाटलं नाही. पुढे एक छोटंसं आलं, खिशावर मावेल एवढं रेल्वेचं इंजिन, धुराची तीन वेटोळी. मी सांगायच्या आधी तोच म्हणाला, “ये मेरी शर्ट का है। पाँचवीं में।”

“चौथीत.”

त्याने चौथी लिहिलं.

शेवटी त्याने विचारलं, कोणती आली नाहीत? मी आठवून आठवून सत्तर-ऐंशी सांगितली. मग अडले. जी आठवतच नाहीत, ती गेल्याचं वाईट तरी कसं वाटून घ्यायचं? ती माझ्याच हातची होती. हे मला सगळ्यात जास्त लागलं, आणि मी त्याच्यासमोर रडले. तो उठून पाणी घेऊन आला आणि ग्लास हातात धरून उभा राहिला.

मंगळवारी संध्याकाळी त्याने सगळं पहिल्यापासून बसवलं. जुनी, मग नवी, मग लिनक्स. मला काही दाबू दिलं नाही, मीही मागितलं नाही. शेवटी हिश्शांना नावं द्यायची होती, म्हणजे पुन्हा कोणी चुकणार नाही. माझ्या डिझाइनांच्या हिश्शावर येऊन तो थांबला.

“मम्मी, खाली का उल्टा मराठी में क्या होता है?”

“वर.”

“वो वाला नहीं। मेरा वाला खाली।”

“त्याले रिकामं म्हणतात.”

“रिकामं,” तो स्वतःशी म्हणाला. “उसका उल्टा?”

“भरलेलं.”

त्याने एकेक अक्षर शोधत टाइप केलं. भरलेल.

“टिंब राह्यलं,” मी म्हटलं. “शेवटच्या ल वर.”

त्याने टिंब दिलं.