पिंजऱ्यात हात कोणी घालायचा

कारखान्यात पाहुणा येणार म्हटलं की माझ्या भावाच्या अंगात येतं. तोकुहिसादादा, हामाबे व्हॉल्व्हचा मालक. बँकेचा साधा कारकून येणार असला तरी जिन्याचे कठडे पुसून घेतो. मग रोबो बसवून देणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर येणार म्हटल्यावर विचारायलाच नको. आदल्या दिवशी दुपारी मशीन बंद केली आणि सगळ्यांच्या हातात फडकी दिली.

"दादा, तो कारखाना बघायला येतोय, मुलगी बघायला नाही," मी म्हटलं.

"तू हिशेब बघ. हिगाशी-ओसाकात चार लोक काय म्हणतील?"

चार लोक म्हणजे समोरच्या कारखान्याचे नावाता. त्यांच्याकडे गेल्या वर्षी पिवळाधमक रोबो आला, तेव्हापासून दादाचं जेवणात लक्ष नव्हतं.

खरी गरज वेगळीच होती. आमच्याकडे पाण्याच्या व्हॉल्व्हची लोखंडी धडं, म्हणजे बाहेरची कवचं, येतात, जाळीच्या खोल पिंजऱ्यांत, कशीही टाकलेली. आमचे जुने कामगार मुरोयाकाका वाकून एकेक धड बाहेर काढतात, भोकं पाडणाऱ्या मशीनमध्ये बसवतात, काम झालं की काढून फळीवर ठेवतात. एकेक धड म्हणजे चांगलं मोठं कलिंगड. दिवसभर हेच. काका सत्तरीला टेकलेले. त्यांच्या जागी माणूस मिळावा म्हणून वर्षभर जाहिरात दिली. दोन जण आले. त्यातला एक पहिल्याच दुपारी जेवायला म्हणून गेला, तो अजून जेवतोच आहे.

काकांनी कधी हूं की चूं केलं नाही. आमच्याकडे ती रीतच नाही. आपण रजा घेतली की आपलं ओझं शेजारच्याच्या डोक्यावर, हे लहानपणापासून मनात बसलेलं. एवढंच की रोज सकाळी कामाआधी आम्ही सगळे रांगा करून रेडिओवरचा व्यायाम करतो, तेव्हा काका शेवटच्या रांगेत, खांबाच्या मागे उभे राहत. एकेकाची जागा ठरलेली असते, असं मी धरून चालले होते.

इंजिनिअरचं नाव वाकुई. चाळिशीचा, तोलून मापून बोलणारा. आल्या आल्या त्याने विचारलं, "रोबो कशासाठी हवाय?"

"वेग," दादा म्हणाला. "नावातांचा बघितलात का? हात असा फिरतो की डोळ्यांना दिसत नाही."

"तुमच्या मशीनला भोकं पाडायला लागायचा तो वेळ लागणारच. हात कितीही पळाला तरी तिच्या दारात वाट बघत उभा राहील." वाकुई हसला. "काम जड आहे, तेच ते आहे, करायला माणूस मिळत नाही, असं असेल तर जरूर घ्या. शेजाऱ्याने घेतला म्हणून घेऊ नका."

दादाने चहा मागवला. विषय बदलायचा असला की तो चहा मागवतो.

वाकुईने धडाचं वजन केलं. त्यात धड पकडणाऱ्या लोखंडी पंजाचंही वजन धरावं लागतं, लोक नेमकं तेच विसरतात, असं तो म्हणाला. हात कुठून कुठे पोचायला हवा ते टेप लावून बघितलं. तेल उडतं का, भुगा किती पडतो, कुंपणाला जागा आहे का, बिघडला तर इथलं कोण बघेल, सगळं विचारलं. माणूस कामाचा होता. पण त्या दिवशी आमचा कारखाना म्हणजे नुसता देखावा होता. पिंजरे मागच्या अंगणात ताडपत्रीखाली ढकललेले. धडं फळ्यांवर रांगेत, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. आणि पाहुण्यासमोर काकांचे हात असे चालले होते की पंचविशीतल्या गड्याने खाली बघावं.

आठवड्याने वाकुई प्रस्ताव घेऊन आला. लहान, चपळ, डोळे नसलेला रोबो. धडं ठरल्या जागी असतातच, मग कॅमेऱ्याचा खर्च कशाला? दादा खूश. काकांनाही बोलावून घेतलं, त्यांच्याच कामाची गोष्ट होती.

दादाने प्रस्तावावर मारायला शिक्का हातात घेतला तेव्हा मी विचारलं, "फळीवर धडं रोज कोण लावणार?"

वाकुईने माझ्याकडे बघितलं. "म्हणजे? रोज तशीच येतात ना?"

दादा छताकडे बघायला लागला. मग म्हणाला, "मुरोयाकाका लावतील की. अवघड काम रोबो करणार. काकांनी पिंजऱ्यातून काढून रांगेत ठेवायचं, बस."

"ठेवीन की," काका म्हणाले. "त्यात काय एवढं."

माझं डोकं फिरलं. मशीनमध्ये धड बसवणं म्हणजे कमरेच्या उंचीवरून कमरेच्या उंचीवर. माणूस मोडतो तो पिंजऱ्याच्या तळातून उचलताना. हत्ती गेला नि शेपूट राहिलं असं म्हणतात, आमच्याकडे शेपूट जाणार होतं आणि हत्ती काकांच्या खांद्यावर राहणार होता. वर रोबोच्या वेगाला पुरे पडायचं म्हणजे काकांना आणखी पळावं लागणार. पण पाहुण्यासमोर भावाची शोभा कशी करायची? शिक्का शुक्रवारी मारू, एवढं मी कसंबसं वदवून घेतलं आणि वाकुईला दारापर्यंत सोडायला गेले.

"बुधवारी सकाळी या. न कळवता."

तो चपापला. "न कळवता? तुमच्या भावाला अपमान वाटेल."

"वाटू दे. मी त्याची धाकटी बहीण आहे, त्याला सवय आहे."

बुधवारी वाकुई आला तेव्हा रेडिओवर व्यायाम सुरू झाला होता. दादाचा चेहरा पडला. सगळीकडे तेलाचे डाग, पिंजरे वाटेत आडवे, एकातून धडं बाहेर डोकावतायत. पण व्यायाम अर्ध्यावर सोडायचा नसतो. पाहुणाही निमूटपणे शेवटच्या रांगेत जाऊन उभा राहिला, खांबापाशी, काकांच्या शेजारी.

हात वर न्यायचा प्रकार आला. सगळ्यांचे दोन्ही हात वर. मी मान वळवून बघितलं. काकांचा डावा वर गेला. उजवा छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. वाकुई समोर बघत राहिला, पण त्याने ते पाहिलं होतं.

नंतर तो पिंजऱ्यापाशी गेला. "मुरोयासान, रोज जसं करता तसं करा. मी पाहुणा नाही असं समजा."

काकांनी दादाकडे बघितलं. मग वाकले. डाव्या हाताने उजव्याचं कोपर खालून धरलं आणि ढकलत ढकलत धड जाळीच्या कडेवर आणलं. तिथे क्षणभर थांबले, श्वास घेतला, मग उचललं. आमचा कारखाना रोज असाच चालत होता आणि आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. मला लाज वाटली, रागही आला, काकांचासुद्धा.

"यातलं कोणतं काम रोबोला द्याल?" वाकुईने विचारलं.

"कोणतंच नको. जमतंय की."

"बरं. मग स्वतःकडे कोणतं ठेवाल?"

काकांनी विचार केला. "भोकाच्या कडेवरून बोट फिरवून बघतो ना मी, कुठे टोचतंय का ते. तेवढं ठेवीन. बाकीचं…" त्यांनी पिंजऱ्याकडे बघितलं. "बाकीचं न्या."

दादा पुढे आला. कोटाच्या बाह्या वर केल्या, पिंजऱ्यात वाकला आणि तळाचं एक धड उचललं. बाबा गेल्यापासून त्याने धडाला हात लावला नव्हता. ते कडेपर्यंत आणताना त्याचा चेहरा लाल झाला. धड जमिनीवर ठेवून तो तसाच ओणवा उभा राहिला.

"कॅमेरावाला," तो म्हणाला. "तळापर्यंत हात पोचेल असा."

"तो हळू असतो. आणि महाग," वाकुई म्हणाला.

"हळूच बरा. लिहून घ्या."

उन्हाळ्यात रोबो आला. राखाडी, थोराड, नावातांच्या रोबोच्या निम्म्या वेगाचा. पिंजऱ्यात बघतो, थांबतो, मग एक धड उचलतो. पहिल्या आठवड्यात दोन धडं खाली पाडली, तेव्हा दादाच सर्वांत मोठ्याने ओरडला. काका खुर्चीवर बसून भोकांच्या कडांवर बोट फिरवतात.

एका सकाळी व्यायाम लागला आणि काका खांबामागून बाहेर आले. चालत पुढच्या रांगेत आले, दादाच्या अगदी समोर. हात वर न्यायचा प्रकार आला तेव्हा त्यांनी डावा वर नेला. उजवा कमरेशी तसाच ठेवला, लपवला नाही.

दादा आकडे मोजता मोजता अडखळला. "काका, उजवा?"

"तो निवृत्त झाला," काका म्हणाले. "तुम्ही मोजा."