करडं छप्पर

“टिली, कौल हातात धरून रंग ठरवू नकोस. उतरणीवर ठेव, रस्ता ओलांड, पलीकडच्या गवतात उभी राहा आणि मग बघ. सकाळी बघ, दुपारी बघ, ढग आल्यावर बघ. आपलं घर बसकं आहे. लोकांना भिंती दिसणारच नाहीत, दिसणार ते छप्पर.”

नॉर्बर्टनं मला हे सांगितलं त्याला छत्तीस वर्षं झाली. लग्न नुकतंच झालं होतं आणि गावाच्या कडेला आमचं रँच पद्धतीचं, एकमजली, लांबट घर उभं राहत होतं. भिंती पिवळट विटांच्या. तो शिडीवरून वर गेला आणि डांबरी कौलांचे तीन नमुने उतरणीवर मांडून बसला. एक तपकिरी, एक हिरवं, एक करडं. मी रस्त्यापलीकडे. मला हिरवं आवडलं होतं. तो नाही म्हणाला नाही. तीन दिवस त्यानं मला तिथे उभं केलं, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी मीच म्हणाले, “हिरव्यानं विटा आजारी दिसतात रे.” तो वरून हसला. म्हणाला, “हे मला पहिल्या दिवशीच ठाऊक होतं.” मग आम्ही तपकिरी घातलं.

नॉर्बर्टचा धंदाच छपरांचा. कॅन्ससच्या या भागात गारपीट चुकत नाही, त्यामुळे त्याला कामाची कधी वाण पडली नाही. गावातली निम्मी छपरं त्याच्या हातची.

आता तो तालुक्याच्या शहरातल्या वृद्धाश्रमात आहे. दोन वर्षं होतील. मी रोज सकाळी चर्चमध्ये मिस्सा ऐकते, घरचं आवरते आणि दुपारी त्याच्याकडे जाते. तीनच्या ठोक्याला त्याच्यासोबत जपमाळ म्हणायची, हे मी त्याला तिथे सोडून आले त्या दिवशी ठरवलं. बर्फात दोनदा गाडी घसरली, पण नेम मोडला नाही. तो मला ओळखत नाही. “बाई” म्हणतो.

यंदा मे महिन्यात गारा पडल्या त्या अंड्याएवढ्या. दुसऱ्या दिवशी पन्हळीत कौलांवरचे तपकिरी कण वाळूसारखे साचले होते. स्वयंपाकघरात आणि नॉर्बर्टच्या खोलीत पाणी ठिबकायला लागलं. डेलबर्टनं येऊन ताडपत्री ठोकली. डेलबर्ट माझा भाचा, नणंदेचा मुलगा. नॉर्बर्टच्या हाताखालीच तो शिकला आणि नॉर्बर्टनंतर चर्चच्या पुरुषांचा चमू तोच चालवतो.

आमच्या गावची एक रीत आहे. गारपीट झाली की चर्चचे पुरुष मिळून छपरं घालतात, आणि विधवांची घरं आधी. बाकीच्यांनी थांबायचं. ही रीत नॉर्बर्टनं सुरू केली. विधवांच्या घरांसाठी कौलं एकाच गाडीतून, एकाच रंगाची मागवायची हेही त्याचंच. एका घरावरून उरलेले गठ्ठे दुसऱ्या घराला चालतात, वाया काही जात नाही. त्या पहिल्या वर्षी दुकानदाराकडे करडा रंग भरपूर होता, म्हणून करडा. पुढे तोच राहिला. चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की गावातली करडी छपरं वेगळी दिसतात. कुणी काही म्हणत नाही. पण नवीन टपालवाल्यालासुद्धा आठवड्याभरात कळतं, कुठल्या दारात नवऱ्याच्या नावाचं पत्र आलं तर जपून द्यायचं.

रविवारी मिस्सा झाल्यावर सगळे सभागृहात कॉफीला थांबले. फळ्यावर डेलबर्टची यादी लावलेली होती. वर लिहिलं होतं, ‘विधवा’. खाली नावं. तिसरं नाव माझं. ओटिलिया ड्राइलिंग.

मी ते परत वाचलं. कप खाली ठेवायला जागा शोधत होते तेवढ्यात अल्विना, माझी नणंद, शेजारी येऊन उभी राहिली. तिची जीभ पहिल्यापासून अशीच.

“टिली, नॉर्बर्टला कळवलंस का, तो वारला म्हणून?”

मला हसू आलं नाही. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“मनाला लावून घेऊ नकोस. माझा मुलगा आहे, अकलेनं बेताचा. त्याला वाटलं, घरात बाई एकटी. एकटी ती एकटी.”

“ताई, तो जिवंत आहे.”

“मला सांगतेस? माझा भाऊ आहे तो.”

डेलबर्टला मी पार्किंगमध्ये गाठलं. तो गाडीच्या दाराला टेकून उभा होता. कान लाल झाले होते त्याचे. आईनं आधीच झाडलं असणार.

“मामी, मी चांगल्यासाठीच केलं. यादीत नाव असलं तर पंधरा दिवसांत छप्पर होतं. नाहीतर गव्हाची काढणी, मग चमूतल्या पोरांची आपापली घरं, मग तुमचं. सप्टेंबर उजाडेल. तोवर मामाची खोली कुजून जाईल.”

“आणि रंग?”

“रंग काय, करडाच. गाडी एकाच रंगाची येते. मामाचीच पद्धत ही.”

“आपलं तपकिरी आहे.”

“ते दुकानात मिळतं अजून. पण मग ते यादीतलं काम होत नाही ना, मामी. तुम्हाला थांबावं लागेल.” त्यानं जमिनीकडे बघितलं. “बुधवारपर्यंत सांगा. गुरुवारी मी मागणी कळवतो.”

दुपारी शहराकडे जाताना मी गाडी हळू चालवली. करडा रंग काही वाईट नाही. पिवळट विटांवर तो शोभतोसुद्धा, हे मी तरुणपणी रस्त्यापलीकडे उभी राहून पाहिलेलं आहे. मला रंगाचं भय नव्हतं. भय होतं ते याचं की एकदा तो वर चढला की मीही हळूहळू मान्य करीन. लोक भेटायला येतील, केक आणतील, हलक्या आवाजात बोलतील, आणि एक दिवस मी तीनची जपमाळ घरीच, खिडकीपाशी बसून म्हणीन. कारण तो तसाही ओळखत नाही. हे मला स्वतःबद्दल वाटत होतं, दुसऱ्या कुणाबद्दल नाही. देवाला मी छपराच्या रंगाविषयी कधी काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारावंसं वाटलं आणि लाजही वाटली.

बुधवारी जाताना डेलबर्टनं दारात आणून ठेवलेले तीन नमुने, तपकिरी, हिरवं आणि करडं, सोबत घेतले.

नॉर्बर्ट खिडकीशी बसला होता. मारिसेला नावाची मुलगी तिथे त्याचं सगळं करते. ती म्हणाली, “आज आजोबांचा मूड छान आहे. सकाळपासून समोरच्या छपराला नावं ठेवतायत.”

“कडेची ओळ बघ,” नॉर्बर्ट मला म्हणाला. “झोपेत ठोकलीय. कोणी केलंय काम?”

“माहीत नाही.”

“बरं झालं माहीत नाही. चारचौघांत सांगण्यासारखं नाही.”

तीन वाजले. मी प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणायची, तो दुसरा. तिथे तो अडखळत नाही. माझं नाव गेलं, घराचा पत्ता गेला, आईवडील गेले की आहेत तेही गेलं, पण ‘आता आणि आमच्या मरणाच्या वेळी’ हे शब्द त्याच्या तोंडून पन्नासच्या पन्नास वेळा स्वच्छ येतात. जप संपला. मी पिशवीतली कौलं काढून त्याच्या मांडीवर ठेवली.

त्याचे हात लगेच कामाला लागले. अंगठा कणांवरून फिरवला, कोपरा वाकवून बघितला, वास घेतला.

“घर कसं आहे?”

“बसकं. लांबट. विटा पिवळट आहेत.”

“उतार?”

“कमीच.”

“मग सगळं छप्परच दिसणार. हातात धरून कळायचं नाही.” तो माझ्याकडे वळला. “नवरा आहे?”

गारपिटीनंतर यादी करताना हा प्रश्न तो प्रत्येक बाईला विचारायचा. मी त्याच्या शेजारी गाडीत बसून तो कितीदा ऐकला होता. तोंडावर कसलाही भाव न आणता, वहीची पानं उलटत विचारायचा. त्या उत्तरावर तिचा नंबर ठरायचा. माझ्यावर हा प्रश्न कधी येईल असं मला वाटलं नव्हतं. तो वाट बघत होता. जपमाळ अजून माझ्या बोटांत होती.

“आहे,” मी म्हणाले.

“मग मला कशाला विचारतेस, बाई? त्याला विचार. बायका परस्पर रंग ठरवतात आणि मग नवरे भांडायला माझ्याकडे येतात.”

“तो आजारी असतो.”

“बोलतो ना?”

“बोलतो.”

“मग झालं तर. छप्पर त्याच्याही डोक्यावर येणार आहे.” त्यानं हिरवं कौल बाजूला काढलं, मग करडं उचलून खाली पिशवीत टाकलं. “हे तुझ्यासाठी नाही. हे ज्यांना कुणी नाही त्यांचं. तुझा नंबर नंतर लागेल. चालेल?”

“खोलीत गळतंय.”

“बादली ठेव. बादलीनं कुणी मरत नाही.” मग सहज विचारावं तसं म्हणाला, “चांगला आहे का माणूस?”

मारिसेला पलंगाची चादर नीट करत होती. तिचे हात थांबले.

“फार चांगला आहे,” मी म्हणाले.

“मग थांबेल तो. वचन दे मला. त्याला विचारल्याशिवाय एकही कौल वर जाऊ देणार नाहीस.”

“दिलं.”

त्यानं हात पुढे केला. गिऱ्हाइकाशी सौदा झाला की करायचा तसा, कोपरापासून ताठ. मी त्याचा हात हातात घेतला. कितीतरी महिन्यांत त्यानं आपण होऊन माझा हात धरला नव्हता. त्यानं तो दोनदा हलवला आणि सोडून दिला, आणि परत समोरच्या छपराकडे बघायला लागला.

परत येताना मी गव्हाच्या शेताच्या कडेला गाडी उभी केली. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही.

संध्याकाळी डेलबर्ट आणि अल्विना जेवायला होते. मी कोबी आणि मटणाचं सारण भरलेले पाव भाजले होते. डेलबर्टनं चौथा पाव खाल्ला आणि खिशातून यादीचा कागद काढून टेबलावर ठेवला.

“काय ठरलं, मामी?”

“माझं नाव काढ त्यातून.”

“मामी, पाऊस आत्ताच लागलाय, पुढचा आठवडाभर आहे.”

“बादल्या आहेत माझ्याकडे.”

“तपकिरी घालायचं का मग? तसं तर तसं. सप्टेंबर म्हणून लिहून ठेवतो.”

“अजून ठरलं नाही. नवऱ्याला विचारायचंय. तसं वचन दिलंय मी.”

डेलबर्टनं आईकडे बघितलं. मग माझ्याकडे. बिचारा हळू बोलला, आजारी माणसाशी बोलावं तसं. “मामी, मामाला आज विचारलेलं उद्या आठवत नाही. कुणाला विचारलं हेही आठवत नाही.”

“हो. आज त्यानं मलाच सांगितलं, नवऱ्याला विचार म्हणून.”

खोलीतल्या बादलीत थेंब पडत होता. अल्विनानं बशी पुढे सारली.

“माझ्या छपराच्या वेळी,” ती म्हणाली, “मला कुणी रंग विचारलाच नाही. लेओ जाऊन महिना झाला होता. मी झोपेतून उठले तर पोरं वर ठोकत होती. नॉर्बर्ट होता, तू होतास, डेलबर्ट. बाहेर आले तर अर्धं करडं झालेलं. मी तुम्हाला सगळ्यांना सरबत करून दिलं.”

“आई, तू कधी बोलली नाहीस.”

“काय बोलणार? फुकटचं छप्पर. चांगलं घातलं होतं.” तिनं त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं, कागद आपल्याकडे ओढला आणि तिसऱ्या नावावर रेघ मारली. एकदा मारून तिचं समाधान झालं नाही. परत मारली. “माझ्या भावाला मी अजून पुरलेलं नाही. आता ते पाव दे इकडे, गार होतायत.”

जाताना डेलबर्ट दारात घुटमळला. “आणि तो उद्या काहीच बोलला नाही तर?”

“तर परवा विचारीन.”

दुसऱ्या दिवशी मिस्सा आटोपून आले तेव्हा बादली भरली होती. ती बागेत ओतली, परत जागेवर ठेवली. सकाळी त्याचं डोकं थोडं शांत असतं असं मारिसेला म्हणाली होती, म्हणून दुपारपर्यंत थांबायचं नाही असं मी ठरवलं. केस नीट केले. तपकिरी आणि हिरवं कौल वर्तमानपत्रात गुंडाळून शेजारच्या सीटवर ठेवलं. ताडपत्रीचं एक टोक सुटून फडफडत होतं, ते मी शिडीवर चढून खिळ्याला बांधलं. मग गाडी मागे घेऊन रस्त्याला लागले, नवऱ्याला विचारायला.