गुपचूप बदललेला पाऊस

रबातच्या हवामान केंद्रात त्या सकाळी गिझलानला चहासुद्धा नकोसा झाला. दूरच्या नुआकशोत शहरातला संशोधक येस्लेम फोनवर रडकुंडीला आला होता.

"मी आकडे मनाने रचले म्हणतात हो, ताई! संध्याकाळी चौकशी आहे. तुमच्याच साइटवरून उतरवलेत, तिसऱ्या आवृत्तीतून."

फोन ठेवून तिने फाइली ताडून पाहिल्या आणि तिचं डोकं फिरलं. येत्या पन्नास वर्षांच्या पावसाचं संगणकी भाकीत हे केंद्र जगभर फुकट वाटतं. रजेवर जाण्याआधी त्यात तिला चूक सापडली होती: समुद्रावरचा पाऊस नकाशाची एक चौकट सरकून किनाऱ्यावर पडला होता. चूक कुणाचीही होते. मग रीत एकच, जुनी आवृत्ती मागे घ्यायची, सुधारलेली नव्या क्रमांकाने ठेवायची. ज्यांनी जुनी उतरवली त्यांना आपोआप पत्र जातं. पण संचालक लहलूंना चूक कबूल न करता परिषदेत मिरवायचं होतं. ती रजेवर असताना त्यांनी फाइली गुपचूप बदलल्या आणि क्रमांक तोच ठेवला. येस्लेमने एका धरणासाठी केलेला हिशेब जुन्या फाइलींवर, तपासणाऱ्यांनी उतरवल्या नव्या; आकडे जुळेनात. शेण खाल्लं एकाने, तोंड बरबटलं दुसऱ्याचं.

"हो, बदलल्या," तिने जाब विचारल्यावर लहलू निर्लज्जपणे म्हणाले. "त्याला कळव, साइटवरचे आकडे बरोबर आहेत. खोटं आहे का त्यात काही?"

"खोटं नाही. किळसवाणं आहे."

"जपून बोल, बेटी. एका पोरापायी केंद्राचं नाक कापून घेऊ?"

"नाक शाबूत असतं तर घाण आली असती, डॉक्टरसाहेब."

लहलू हसले आणि त्यांनी पोळीचा तुकडा मधात बुडवला. त्या चिकट बोटांवरून तिने नजर काढून घेतली. या माणसाला आपण इतकी वर्षं गुरू मानलं, याचीच तिला शिसारी आली.

ती संगणकाकडे वळली. तिसरी आवृत्ती तिने मागे घेतली. कारण लिहिलं: 'फाइली न कळवता बदलल्या. जुने आकडे वापरणाऱ्यांचा दोष नाही.' खाली स्वतःचं नाव घालून बटण दाबलं.

पत्र लहलूंच्याही फोनवर आलं. "तुझी नोकरी गेली समज!" ते ओरडले.

"समजले."

जगभर पत्रं पोचली. एकच परत आलं, येस्लेमला गेलेलं, त्याच्या कचेरीतून: 'हा पत्ता बंद करण्यात आला आहे.' संध्याकाळची चौकशी व्हायचीसुद्धा तिथल्यांनी वाट पाहिली नव्हती.