रिकामी पाकिटं

सरांनी भावनाचा पीएचडीचा आराखडा तिसऱ्यांदा परत सरकवला.

"लोहाच्या गोळ्यांवरचे अभ्यास जमव, आकडे एकत्र कर, मेटा-ॲनालिसिस होऊन जाईल. मुलाखती घेऊन केलेल्या अभ्यासांचा आढावा घेऊन काय मिळणार?"

"सर, गोळी लागू पडते का, हा माझा प्रश्नच न्हाई. बायका ती का घेत न्हाईत, हा आहे."

"घेतात की. घरोघरी रिकामी पाकिटं मोजलीयेत अभ्यासकांनी."

भावनाला गावाकडची पाकिटं आठवली. कुंभार पिंपळगावात तिची आई बेबीनंदा कापूस वेचायला निघताना गोळ्या उकिरड्यावर टाकायची, कारण उपाशीपोटी घेतल्या की रानात मळमळायचं. रिकामं पाकीट मात्र जपून ठेवायची. गोळ्या वाटणाऱ्या आशाताईला वरून बोलणी बसू नयेत म्हणून. गल्लीतल्या साऱ्याच बायकांची ही रीत होती.

तिनं तोच आराखडा, एक अक्षर न बदलता, पुन्हा सरांपुढं ठेवला.

"चौथ्यांदा परत करा, पाचव्यांदा आणते. मोजायला आलेल्यांना माझ्या आईनं पाकीट दिलं, सर. शेजारी बसून विचारणाऱ्यांना खरं सांगितलं. मी आढावा त्यांच्याच अभ्यासांचा घेणार."